डाव्या पायाचं काम

फ्लीटवुड, लँकशायर
१४ ऑक्टोबर १९५६

आयव्ही,

तब्येतपाणी विचारत बसत नाही, तू बरी असशील. इथलं वाईट आहे, ते सरळ सांगते. ऑगस्टमध्ये जिमला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलतो, पण शब्द तोंडात घोळवत. तुला आधी कळवलं नाही, कारण तू रडली असतीस आणि मला रडणारं माणूस नको होतं. पत्रातलंसुद्धा नको.

मासळीची व्हॅन तेव्हापासून दारात उभी आहे. तुला आठवते ना, ती निळी ब्रॅडफर्ड? नदीपलीकडच्या गावांतून जिमची फेरी असायची. बायका ताटली घेऊन फाटकात उभ्या राहायच्या. आता त्या बायका डबाबंद सार्डिन खातात, आणि फेरी एकदा मोडली की दुसरा कोणी शिरणार हे नक्की. ती गेली तर मला पुन्हा गोदीवर मासे कापायला जावं लागेल. बाराव्या वर्षी शाळा सोडून तिथंच उभी राहिले होते. परत नाही जाणार.

दुसरा कोणी म्हणजे माझा दीर क्लिफर्ड. आला, टोपी काढली आणि म्हणाला, "वहिनी, व्हॅन आणि फेरी मला द्या. घरातलं घरात राहील." जिमनं हो म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "ती झटक्यानं हलते, तिचं ऐकू नकोस. व्हॅन मी चालवणार."

क्लिफर्ड इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आता अडचण अशी. शिकाऊ माणसानं गाडीला पुढंमागं लाल 'एल'ची पाटी लावायची आणि शेजारी परवानेवाला बसवायचा, असा कायदा. परवाना जिमकडे आहे. पण तो म्हणतो, "बायको चालवणार आणि मी पोत्यासारखा शेजारी? सगळं बंदर बघेल." म्हणून क्लिफर्डच्याच पाया पडावं लागतं. त्याला सवड असते ती पावसात. शेजारी बसतो आणि पाइप ओढतो. मी गल्लीत वळून दुसरा गिअर टाकायला गेले की गाडी कचाकचा दात खाते, आणि वरच्या खिडकीत जिम काठी आपटतो. दोनदा. ठक, ठक. लाज वाटते त्याला माझी.

तू तर डेट्रॉइटच्या दारातच राहतेस. तिथं म्हणे पोरं गाडीतच जन्मतात. उन्हाळ्यात तू लिहिलं होतंस की दर शुक्रवारी तू स्वतः मोटार घेऊन वाण्याकडे जातेस. मग सांग, ते गिअरचं कसं करतेस? बायकी भाषेत सांग. क्लिफर्डच्या सांगण्यात शिव्याच जास्त असतात.

अ‍ॅग्नेस


हॅम्ट्रॅम्क, मिशिगन
२ नोव्हेंबर १९५६

लाडक्या ताई,

तू नको म्हणालीस तरी रडलेच. जिमभाऊजींनी माझ्या लग्नात केवढा नाच केला होता! वॉल्टला अजून आठवतं. वॉर्टनच्या तळावरचे सगळे अमेरिकन शिपाई त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत होते. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना गरम सूप देत जा.

तू गाडी चालवणार? ताई, तू काहीही करशील. पण मी तुला गिअरचं काय सांगू? आमच्या गाडीत तसं काही नाहीच. खाली दोनच पट्ट्या, एक पळायची आणि एक थांबायची. डाव्या पायाला कामच नाही, तो नुसता ठेवून द्यायचा. बाकी गाडी स्वतः करते. आमची हिरवी आणि साईच्या रंगाची आहे, मागं दोन्हीकडं माशासारखे पर आहेत, आणि इतकी लांब की मागचं टोक शेजारच्यांच्या फाटकापाशी येतं. वॉल्ट म्हणतो, गाडीच्या नाकाकडे बघू नये, रस्ता संपतो तिथं बघावं, म्हणजे हात आपोआप सरळ राहतात. आणि चाक गच्च धरू नये, चहाचा कप धरतो तसं धरावं.

मी शुक्रवारी जाते ती अगदी लोण्यासारखी जाते. इथली हवा छान आहे. तिकडं पावाची किंमत काय झाली गं आता? सहज विचारते.

तुझी आयव्ही


फ्लीटवुड
२५ नोव्हेंबर १९५६

आयव्ही,

तुझ्या डाव्या पायाला काम नसेल, माझ्या आहे. तुझं पत्र वाचून मी पाय नुसता ठेवून दिला. व्हॅन बेडकासारखी उडाली आणि जाळीवाल्या सिंगल्टनच्या रिकाम्या पेट्यांत शिरली. त्याच्या पेट्यांचं सरपण झालं आणि आमच्या पुढच्या दिव्याचं तोंड आता आभाळाकडे आहे. क्लिफर्ड खाली उतरला, दिव्याकडं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, नक्षत्रं बघायची असतील तर खिडकीतूनही दिसतात."

तुझ्या नवऱ्याची गोष्ट मात्र खरी निघाली. लांब बघितलं की गाडी सरळ जाते. त्याला सांग, अ‍ॅग्नेस आभारी आहे. हे मी वरचेवर म्हणत नाही.

दुसरा गिअर अजून दात खातोच. क्लिफर्डला विचारलं तर म्हणतो, "हाताला सवय लागते." मला काही लागत नाही. म्हणून मी दुसरा टाळते. पहिल्यात रडतखडत वेग घेते आणि एकदम तिसरा. थांबायचं असलं की पूर्ण थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ह्या आठवड्यात क्लिफर्ड आलाच नाही. कंबर धरली म्हणे. दारूच्या गुत्त्यापर्यंत जायला धरत नाही. आणि आता सुवेझच्या भांडणानं पेट्रोलवर रेशनचं कार्ड येणार. बाजारात सगळे हेच बोलतात. येऊ दे. मला काय, उभ्या व्हॅनला पेट्रोल लागत नाही.

चढावर गाडी थांबवून पुन्हा कशी काढायची ते कळव. इथं चढ एकच, पुलाचा, आणि परीक्षेत तो विचारतात.

अ‍ॅग्नेस


हॅम्ट्रॅम्क
१२ डिसेंबर १९५६

लाडक्या ताई,

पेट्यांचं वाचून मी इतकी हसले की पोटात दुखलं, मग वाईट वाटलं. माझंच चुकलं.

चढाचं मला सांगता येणार नाही गं. इथं सगळं परातीसारखं सपाट आहे. यंदा बर्फ लवकर आला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीपासून पडतोय. गाडीवर असा थर साचलाय की नुसती एक टेकडी दिसते, पाखरं त्यावर येऊन बसतात. मी खिडकीतून बघत बसते, करमणूक होते.

मी हल्ली शेजारच्या पोलिश बाईंकडून भरलेल्या करंज्या करायला शिकतेय. बटाट्याच्या. स्वस्त पडतात आणि पोट भरतं.

नाताळच्या शुभेच्छा तुला आणि जिमभाऊजींना. लोकरीचे मोजे पाठवलेत, त्यांच्या दुखऱ्या पायाला.

तुझी आयव्ही


फ्लीटवुड
६ जानेवारी १९५७

आयव्ही,

मोजे पोचले. जिमनं घातले आणि काढत नाही.

आता ऐक. परीक्षा घेणाऱ्या साहेब लोकांना सरकारनं पेट्रोलच्या कार्डांच्या कामाला बसवलं आणि परीक्षाच बंद केल्या. मग शिकाऊ लोकांनी काय करायचं? तर सरकार म्हणालं, तोवर शेजारी कोणी नसलं तरी चालेल. एकट्यानं चालवा! मी पोस्टात जाऊन दोनदा विचारलं. तिथला कारकून म्हणाला, "हो बाई, देव तुमचं आणि रस्त्यावरच्यांचं रक्षण करो."

क्लिफर्डला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडातला पाइप खाली आला. "एकटी? वहिनी, त्या पुलावरून नदीत जाल." मी म्हटलं, "गेले तर मासळी स्वस्त पडेल."

गेले मी. पहिल्या दिवशी चाक गच्च धरून निघाले, मग वॉल्टचं सांगणं आठवलं. चहाचा कप, चहाचा कप म्हणत गेले. पुलावर मधेच बंद पडले, मागं एक दुधाचा ट्रक भोंगा वाजवत होता. उतरले, हँडल मारलं, चालू केली आणि त्या दूधवाल्याला म्हटलं, "नासत नाही तुझं दूध, थंडी आहे." फाटकाफाटकात बायका होत्या. स्टालमाइन गावची म्हातारी मिसेस थ्रेलफॉल ताटली धरून म्हणाली, "अगं, मला वाटलं तुम्ही दोघं मेलात." संध्याकाळी व्हॅन रिकामी करून घरी आले. गल्लीत वळले तर वर खिडकीत ठक, ठक. कौतुक नाहीच. काठी मात्र चालू.

आता तुझं. मी शिकलेली नाही, पण आंधळीही नाही. दर शुक्रवारी वाण्याकडे जाणारी गाडी नोव्हेंबरपासून बर्फाखाली कशी? तिच्यावर पाखरं कशी बसतात? पावाची किंमत काय, बटाटे स्वस्त काय. आणि ह्या पत्रात वॉल्टचं नावच नाही. मोज्यांच्या पुडक्यावरही नाही. काय झालं ते लिही, आणि गोल गोल लिहू नकोस.

अ‍ॅग्नेस


हॅम्ट्रॅम्क
३ फेब्रुवारी १९५७

ताई,

तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस.

वॉल्टचा कारखाना गेल्या उन्हाळ्यात बंद झाला. इतक्या वर्षांचा कारखाना, एका शुक्रवारी गेट लावलं आणि संपलं. आमची हिरवी गाडी तिथलीच, वॉल्टनं स्वतः दारं बसवलेली. तो महिनोन्‌महिने हिंडला. शेवटी इंडियानात काम मिळालं. ऑक्टोबरपासून तिकडं एका खोलीत राहतो. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, दुसरी कोणी बाई नाही. पैसे पाठवतो, पत्रं पाठवतो. घराचं बघितलंय म्हणतो. बसनं गेला आणि गाडी माझ्यासाठी ठेवून गेला. म्हणाला, "तू ती घेऊन ये, आपण तिथंच राहू."

आणि मी चालवतच नाही, ताई. एकटीनं कधीच चालवली नाही. परवाना तेवढा आहे. वॉल्टनं घेऊन जाऊन काढून दिला, परीक्षा म्हणजे चौकाला एक फेरी होती. त्यानंतर एकदा चौकात ट्रॉलीबस समोर आली आणि मी चाक सोडून डोळे झाकले. वॉल्टनं चाक ओढलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी गाडी आवारातच चालू करते, आत बसते, आणि बंद करते. तुला ते शुक्रवारचं उगाच लिहिलं. तिथं सगळ्यांना वाटतं ना, आयव्ही अमेरिकेत राणी झाली.

इंडियाना लांब आहे. मोठमोठे ट्रक जातात त्या रस्त्यानं. वॉल्टला लिहिलंय, बर्फ वितळू दे. आता तो वितळतोय, आणि मला ते बघवत नाही.

आयव्ही


फ्लीटवुड
१७ मार्च १९५७

आयव्ही,

राणी गेली खड्ड्यात. मला कोणी राणी नकोय, मला माझी बहीण तिच्या नवऱ्याजवळ हवी आहे.

कारखाना बंद झाला म्हणून गाडीला सुतक नसतं. माझी व्हॅन ज्या कारखान्यात झाली तोही बंद पडलाय, सुटे भाग मिळत नाहीत. व्हॅनला हे कोणी सांगितलेलं नाही वाटतं, रोज सकाळी चालू होते.

तू इंडियानाचा विचारच करू नकोस. मी पहिल्या दिवशी सगळी फेरी डोक्यात घेतली असती तर गल्लीतच मेले असते. पुढचं फाटक बघायचं, मग त्याच्या पुढचं. तू आधी वाण्याकडे जा. शुक्रवारी. तू लिहिलं होतंस ते खरं करून दाखव. आणि डोळे उघडे ठेव, बाई. झाकल्यानं ट्रॉलीबस जात नाही.

माझ्यावर वेगळंच आलंय. एप्रिलमध्ये परीक्षा परत सुरू. मग एकटीनं चालवायची मुभा बंद. पास झाले तर फेरी माझी, नाही तर पुन्हा परवानेवाला शेजारी हवा, आणि क्लिफर्डनं आधीच सांगून टाकलंय की त्याची कंबर आता जन्मभर धरलेली आहे. आणि गावोगाव सांगत फिरतो, "ईस्टरनंतर मासळी मी आणणार." मिसेस थ्रेलफॉलनं मला विचारलं, "तुझा दीर ताजी आणेल का गं?" मी म्हटलं, "तो स्वतःच ताजा नाही."

जिम नुसती काठी आपटतो.

अ‍ॅग्नेस


फ्लीटवुड
५ मे १९५७

आयव्ही,

नापास झाले. हे आधी सांगून टाकते.

कसं झालं ऐक. परीक्षेचा साहेब काटकुळा, टोपीवाला. व्हॅनच्या वासानं नाकाला रुमाल लावून बसला. त्यानं न्यायचं तर स्टालमाइनच्याच गल्लीतून नेलं. सगळं ठीक चाललं होतं. हाताच्या खुणा बरोबर, चढ बरोबर. तेवढ्यात फाटकात मिसेस थ्रेलफॉल. पावसात, ताटली घेऊन. आयव्ही, माझा हात मला न विचारता बाहेर गेला, थांबण्याची खूण केली, गाडी कडेला लावली, ब्रेक ओढला आणि दोनदा भोंगा वाजवला. रोजच्यासारखा. साहेब म्हणाला, "मिसेस हॅलसॉल, मी थांबायला सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "तुम्ही नाही हो, पण ही भिजतेय ना." मिसेस थ्रेलफॉलनं खिडकीतून आत डोकं घातलं, साहेबाकडं बघितलं आणि विचारलं, "हा नवीन मदतनीस का? लुकडा आहे."

उतरताना साहेब म्हणाला, थांबलात झकास, पण न सांगता थांबलात. आणि दुसरा गिअर तुम्हाला येत नाही, तो आल्याशिवाय मी पास करणार नाही. तेही खरंच होतं.

घरी आले तर क्लिफर्ड स्वयंपाकघरात बसलेला. बातमी त्याला आधीच कळली होती. टेबलावर तळहात उघडा ठेवला. "किल्ली द्या, वहिनी. पुरे झाली हौस." मी काही बोलायच्या आत जिन्यावर आवाज. जिम, बसून बसून, एकेक पायरी उतरत होता. टोपी घातलेली. बाहेरची टोपी, ऑगस्टपासून खुंटीला होती ती. क्लिफर्डकडं बघितलं आणि सावकाश म्हणाला, "परवाना... माझ्याकडे... आहे ना?"

क्लिफर्ड म्हणाला, "दादा, लोक हसतील."

जिम म्हणाला, "तू... हसून घे. मग... घरी जा."

त्याला आत चढवताना माझी कंबर मोडायची वेळ आली. गल्ली सोडली, मी पहिल्यातून तिसरा टाकायला गेले, तर त्यानं काठी पायाशी आपटली. ठक, ठक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "इथंही? सगळा हिवाळा खिडकीतून आपटलीस, आता शेजारी बसून आपटतोस? लाज वाटत असेल तर उतर!" तो डोकं हलवत राहिला. डाव्या हातानं माझ्या डाव्या गुडघ्यावर थोपटलं. दोनदा. "दाब... सोड. परत... दाब. मग... टाक."

क्लच दोनदा दाबायचा होता, आयव्ही! एकदा दाबून गिअर मोकळा करायचा, पाय सोडायचा, पुन्हा दाबायचं आणि मग दुसरा टाकायचा. जुन्या गाडीचं गणितच ते. सगळा हिवाळा तो माणूस खिडकीतून मला माझा डावा पाय शिकवत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. क्लिफर्डला माहीत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. त्याची स्वतःची गाडीही तसलीच होती.

मी दाबलं, सोडलं, दाबलं, टाकलं. आवाजच नाही. लोण्यात सुरी जावी तसा गिअर पडला. मी म्हटलं, "मग नुसतं तोंडानं का नाही सांगितलंस, गाढवा?" तो म्हणाला, "तोंड... हळू चालतं. तू... थांबत नाहीस."

आता रोज येतो. बंदरावरून जाताना टोपी नीट करतो.

पुन्हा परीक्षेला नाव दिलंय. तुझा शुक्रवार काय झाला?

अ‍ॅग्नेस


हॅम्ट्रॅम्क
२५ मे १९५७

ताई,

काल शुक्रवार होता. मी वाण्याकडे गेले.

खरंच गेले. डावा पाय खाली असा दाबून धरला होता की अजून पोटरी दुखते, त्याला काही काम नसताना. एका कोपऱ्यावर ट्रॉलीबस आली. डोळे मिटायला लागले, तेव्हा मी मोठ्यानं ओरडले, "झाकल्यानं जात नाही!" फुटपाथवरच्या माणसानं वळून बघितलं. बस गेली आणि मी होते तिथंच होते.

पाव, दूध आणि एक कोबी घेतला. कोबी नको होता, पण काहीतरी मोठं घ्यावंसं वाटलं. परत आले आणि आवारात गाडी लावून बसून राहिले. ह्या वेळी भीतीनं नाही, नुसती बसले.

वॉल्टला अजून कळवलेलं नाही. आधी तुला.

आयव्ही


फ्लीटवुड
२३ जून १९५७

आयव्ही,

कोबीचं वाचून जिमला हसू आलं. त्याचं तोंड एका बाजूनंच हसतं, पण हसलं.

पास झाले. तोच काटकुळा साहेब. मी मिसेस थ्रेलफॉलला आदल्या दिवशी ताकीद दिली होती, उद्या घरात बस, कोंबडी खा. ती बसली, पण खिडकीतून ताटली हलवत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, रस्ता संपतो तिथं बघितलं. दुसरा गिअर दोनदा टाकून दाखवला, एकदा त्यानं सांगितला म्हणून आणि एकदा मला हवा होता म्हणून.

क्लिफर्ड दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन हॅडक मासा मागितला. दिला. शेपटीकडचा.

आता कायद्यानं शेजारी कोणी लागत नाही. सकाळी मी जिमला म्हटलं, "तू घरी आराम कर, चढायला त्रास होतो तुला." तर तो दारात टोपी घालून उभा. म्हणाला, "मग... दुसऱ्या गिअरवर... लक्ष कोण ठेवणार?" मी म्हटलं, "चढ मग, दिवस चाललाय." चढवायला आता पहिल्यासारखा वेळ लागत नाही. तो जोर लावतो.

ह्या पुडक्यात माझी लाल 'एल'ची पाटी आहे. मागची. पुढची सिंगल्टनच्या पेट्यांत चेमटली. तुझ्या त्या माशासारख्या परांच्या मधोमध बांध आणि इंडियानाला नीघ. तिथल्या पोलिसांना काही कळणार नाही. विचारलं तर सांग, बहिणीनं दिली. एका फाटकावरून पुढच्या फाटकावर जा, आणि दमलीस की कडेला थांब, तिथं तुला नापास करणारा कोणी नाही.

वॉल्टच्या दारात पोचलीस की भोंगा वाजव. दोनदा. मग पाटी काढ आणि मला परत पाठव. इथं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको विचारत होती, शिकायला किती दिवस लागतात म्हणून. मी तिला शिकवीन म्हणून बसलेय.

अ‍ॅग्नेस